बेलव्ह्यूत लेक गरोदर, जावई ठाण्यात: नवऱ्याचा व्हिसा लवकर मिळतो का?



ज्या घरातले कोणीच परदेशात नाही असे घर आपल्या समाजात आता शोधावे लागेल. पूर्वी लोद, अश्दोद, दिमोना, बेर-शेवा ही नावे आपल्या तोंडी असत. आता नातवंडांमुळे न्यू जर्सी, टोरांटो आणि बेलव्ह्यू ही नावेही घरची झाली आहेत. आणखी एक बदल झाला. पूर्वी मुलगा आधी जायचा आणि सून मागून जायची. आता लेकच शिकून, नोकरी मिळवून पुढे जाते. लग्न ठाण्याला किंवा भायखळ्याला होते, चार आठवड्यांची रजा संपते, ती परत जाते आणि जावई व्हिसाची वाट पाहत इथेच राहतो. मधे एखादी भेट होते, दिवस जातात, आणि मग आई-वडील एकच प्रश्न विचारू लागतात: "अहो, पोर तिकडे एकटी आहे, पोटुशी आहे. एवढं सांगितलं तर साहेब लोक व्हिसा लवकर देत नाहीत का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. नुसत्या गरोदरपणावर बहुधा देत नाहीत. गरोदरपणात आईला किंवा बाळाला धोका असेल, तो डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिला असेल आणि विनंती योग्य ऑफिसात गेली असेल, तर विचार होऊ शकतो. तरीही होकाराची खात्री नसते. म्हणून विनंती जरूर करावी, पण बाळंतपणाची तयारी मात्र जावई पोचणार नाही असे धरूनच करावी. हे असे का, ते आता सविस्तर पाहू.

बेलव्ह्यू कुठे आहे

बेलव्ह्यू अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात आहे. राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर ऐकताना गोंधळ होतो. मधे लेक वॉशिंग्टन नावाचा मोठा तलाव, पलीकडच्या काठावर सिएटल आणि अलीकडे बेलव्ह्यू. मायक्रोसॉफ्ट कंपनी १९७९ साली इथे आली आणि १९८६ मध्ये शेजारच्या रेडमंडला गेली. ॲमेझॉनचा जन्म १९९४ साली बेलव्ह्यूतल्याच एका भाड्याच्या घरात झाला. त्यामुळे या भागात संगणकाच्या नोकरीवर आलेली आपली मुले-मुली भरपूर आहेत.

आपल्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. मुंबईहून सिएटलला थेट विमान नाही. वाटेत निदान एकदा विमान बदलावे लागते आणि घरातून निघून घरात पोचेपर्यंत एक पूर्ण दिवस जातो. तेव्हा व्हिसा हातात असला तरी कळा सुरू झाल्यावर निघून काही उपयोग नाही.

आधी एक गोष्ट विचारा: लेक तिकडे कशावर आहे?

"व्हिसा अडकलाय" एवढ्याने काही कळत नाही. लेकीचा तिथला दर्जा काय, यावर जावयाचा मार्ग ठरतो. मुख्य प्रकार तीन.

पहिला, लेक नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहे. मग नवऱ्याला एच-४ व्हिसा लागतो. इथे अमेरिकेत आधी वेगळी फाईल मंजूर करून घ्यावी लागत नाही. जावई डीएस-१६० हा फॉर्म ऑनलाइन भरतो, फी भरतो, बोटांचे ठसे देतो आणि कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला जातो. सोबत लेकीच्या एच-१बी मंजुरीचा कागद, पगाराच्या स्लिपा आणि लग्नाचा दाखला न्यायचा. तिन्हींत हाच मार्ग सर्वांत छोटा. अडते ते मुलाखतीच्या तारखेवर.

दुसरा, लेक अमेरिकी नागरिक आहे. मग ती नवऱ्यासाठी आय-१३० नावाचा अर्ज करते. नागरिकाच्या पती-पत्नीला दरवर्षीच्या कोट्याची मर्यादा नाही. तरी फाईल तीन दारांतून जाते: आधी यूएससीआयएस म्हणजे तिथले इमिग्रेशन खाते, मग नॅशनल व्हिसा सेंटर, आणि शेवटी मुंबईचे कॉन्सुलेट. यात बरेचदा वर्ष उलटून जाते.

तिसरा, लेकीकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. अर्ज तोच, आय-१३०, पण इथे वार्षिक कोटा आहे. त्या गटाला एफ-२ए म्हणतात. आपला नंबर लागेपर्यंत व्हिसा देताच येत नाही, आणि कोट्याचा नंबर कोणत्याही विनंतीने पुढे सरकत नाही. लेक पुढे नागरिक झाली तर मात्र फाईल दुसऱ्या प्रकारात जाते आणि कोट्याचा अडसर निघतो.

"लवकर" म्हणजे नेमके काय लवकर?

ज्येष्ठांना आठवत असेल, अमेरिकेचे कॉन्सुलेट ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होते. पहाटेपासून रांग लागायची. रांगेत कोणी ओळखीचा निघाला, कोणी म्हाताऱ्या माणसाला पुढे घेतले, असे चालायचे. २०११ साली कॉन्सुलेट वांद्रे-कुर्ला संकुलात गेले. आता रांग संगणकात आहे आणि तिथे कोणी ओळखीचा भेटत नाही.

लवकर मागायचे म्हणजे या रांगेतला नंबर पुढे मागायचा. निर्णय वेगळा. मुलाखतीची तारीख लवकर मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला, असे नाही. अधिकारी त्या दिवशी कागद पाहणार, प्रश्न विचारणार आणि मग ठरवणार. कागद कमी वाटले किंवा चौकशी बाकी असली तर २२१(जी) या कलमाचा कागद हातात देतात आणि फाईल थांबते. म्हणून तारीख लवकर मिळवण्याची धडपड करायची, तर सारे कागद त्याआधी तयार पाहिजेत.

दुसरे, पैसे भरून हा नंबर पुढे सरकत नाही. कंपनी एच-१बीच्या अर्जासाठी जादा फी भरून पंधरा कामकाजी दिवसांत उत्तर मागू शकते, ते ऐकून लोक विचारतात की आय-१३० साठी तसे भरता येईल का. नाही. आय-१३० साठी तशी सोयच नाही. उलट लवकर करण्याच्या विनंतीला वेगळी फी नसते. "दोन लाख द्या, एक्स्पेडाइट करून देतो" असे कोणी म्हणाला, तर तो काय विकतो आहे ते आपणच ओळखावे.

गरोदरपण हे कारण धरतात का?

ऑफिसागणिक याचे उत्तर वेगळे आहे.

*मुलाखतीची तातडीची तारीख (एच-४ आणि इतर तात्पुरते व्हिसे).* आधी फी भरून साधी तारीख घ्यावी लागते, मिळेल ती, सहा महिन्यांनंतरची असली तरी. त्यानंतरच तातडीच्या तारखेची विनंती करता येते. तातडीत तातडीचे औषधोपचार, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू अशी कारणे येतात. कोणती कारणे चालत नाहीत तेही स्पष्ट लिहिलेले आहे: लग्नसमारंभ, पदवीदान समारंभ, ऐनवेळी ठरवलेले पर्यटन आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणे. होय, हे शेवटचे कारण नियमातच नाकारलेले आहे. त्यामुळे "पत्नी गरोदर आहे, मदतीला जायचे आहे" असे लिहिले की विनंती बाद होण्याची शक्यता मोठी. पण पत्नीला रुग्णालयात ठेवले आहे, रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांना धोका आहे, असे असेल तर ते कारण औषधोपचाराचे होते, आणि तेच डॉक्टरांच्या पत्रासह लिहावे.

*यूएससीआयएसकडे असलेली आय-१३०.* इथे लवकर करण्याचे निकष ठरलेले आहेत. त्यांत मोठे आर्थिक नुकसान, आणीबाणी किंवा तातडीचे मानवतावादी कारण, सरकारचे हित आणि खात्याची स्वतःची उघड चूक हे येतात. गरोदरपण हा वेगळा निकष नाही, ते मानवतावादी कारणात बसवावे लागते. अर्ज केल्याची पावती आली, तेरा अक्षरांचा पावती क्रमांक मिळाला, की लेकीने स्वतः ऑनलाइन खात्यातून किंवा खात्याच्या फोनवरून विनंती करायची आणि मागतील ते पुरावे द्यायचे. प्रत्येक विनंती ते स्वतंत्रपणे तपासतात. नकाराचे कारण सांगतीलच असे नाही, आणि त्यावर अपील नाही.

*नॅशनल व्हिसा सेंटर.* फाईल मंजूर होऊन इथे आली असेल तर अट आणखी कडक. जीवन-मरणाचा प्रसंग आहे असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते, आणि त्या पत्रावर डॉक्टरांचा संपर्क असावा लागतो. हे सेंटर ती विनंती मुंबईच्या कॉन्सुलेटला कळवते आणि ठरवते ते कॉन्सुलेट.

लक्षात ठेवण्याची बाब अशी की एका दाराने हो म्हटले तर पुढचे दार आपोआप उघडत नाही. तिथे पुन्हा विनंती करावी लागते. फाईल आज कुठे आहे हे न पाहता भलत्याच ऑफिसला पत्रे लिहिली तर आठवडे फुकट जातात, आणि गरोदरपणात आठवडेच मोजलेले असतात.

*एक अपवाद, आणि तो आपल्या समाजाला उपयोगी आहे.* समजा, अमेरिकी नागरिक असलेली पत्नी अमेरिकेत नाही, नवऱ्यासोबत इस्राएलमध्ये राहते आहे. एरवी आय-१३० अमेरिकेतल्या इमिग्रेशन खात्याकडेच जातो. पण अपवादात्मक परिस्थितीत परदेशातला अमेरिकी दूतावास तो अर्ज तिथल्या तिथे स्वीकारू शकतो. त्या परिस्थितींच्या यादीत तातडीचे वैद्यकीय कारण आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात गरोदरपणाचा उल्लेख आहे: अर्ज करणारी किंवा ज्याच्यासाठी अर्ज आहे ती व्यक्ती गरोदर असेल आणि प्रवास लांबल्याने आईला वा बाळाला वैद्यकीय धोका किंवा फार मोठा त्रास होण्याची शक्यता असेल, तर. ही सवलत फक्त नागरिकांना आहे, ग्रीन कार्डवाल्यांना नाही, आणि इथेही स्वीकारायचे की नाही ते दूतावासच ठरवतो. तरी वर्षभराची पहिली रांग टळू शकते, म्हणून विचारून पाहण्यासारखे आहे.

डॉक्टरांचे पत्र कसे असावे

विनंतीचे सारे वजन या एका कागदावर असते. "सौ. अमुक गरोदर असून त्यांना पतीच्या सोबतीची गरज आहे" एवढे लिहून काही साधत नाही, कारण असे तर प्रत्येक गरोदर बाईबद्दल म्हणता येते. पत्रात पुढील गोष्टी असाव्यात:

१. डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे लेटरहेड, सही, फोन आणि तारीख.
२. आज कितवा आठवडा आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख.
३. नेमके निदान: वाढलेला रक्तदाब, वार खाली असणे, जुळी, आधीचे सिझेरियन, अकाली प्रसूतीची भीती, जे खरे असेल ते.
४. त्यामुळे आईवर काय बंधने आहेत. अंथरुणातून उठायचे नाही, गाडी चालवायची नाही, रात्री एकटे राहायचे नाही, वगैरे.
५. दुसरे माणूस जवळ का हवे आणि कोणत्या तारखेच्या आत हवे.

घरात आधीचे लहान मूल असेल आणि त्याला पाहणारे कोणी नसेल, तर तेही लेकीने आपल्या पत्रात लिहावे. पत्र एका पानाचे असावे. भावनेने भरलेली चार पाने अधिकारी वाचत बसत नाही.

आपल्या लोकांचा एक गोंधळ इथे नेहमी होतो. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात. ०३/०७ म्हणजे तिकडे ७ मार्च, ३ जुलै नव्हे. प्रसूतीची तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा.

लोकप्रतिनिधींचे ऑफिस

हे ऐकून आपल्याला नवल वाटते, पण तिकडे ही रोजची गोष्ट आहे. तिथल्या खासदाराच्या आणि सिनेटरच्या ऑफिसात लोकांच्या सरकारी कामांची विचारपूस करणारी माणसे असतात. वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटर पॅटी मरे आणि मारिया कँटवेल आहेत. प्रतिनिधीगृहातला सदस्य घराच्या पत्त्यावरून ठरतो. लेकीने त्यांच्या संकेतस्थळावरचा संमतीचा फॉर्म सही करून द्यायचा, कारण १९७४ च्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे लेखी संमतीशिवाय कोणतेही खाते तिची माहिती दुसऱ्याला देत नाही. हे ऑफिस फाईल कुठे आहे ते विचारू शकते आणि विनंती पुढे पोचवू शकते. हुकूम मात्र सोडू शकत नाही. याला पैसे लागत नाहीत आणि मत दिलेले असण्याची अटही नाही.

उलट बाजू: लेक इथे गरोदर, जावई बेलव्ह्यूत

इथे घड्याळ जास्त कडक आहे, कारण विमान कंपन्यांचे नियम आड येतात. साधारण २८ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बसू देत नाहीत. जुळी असतील तर त्याआधीच. म्हणजे व्हिसा नवव्या महिन्यात आला, तर तो बाळंतपणानंतरच कामी येणार.

एच-४ साठी वैद्यकीय तपासणी नसते. कायमच्या व्हिसासाठी असते. त्यात क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे काढतात. गरोदर बाईने संमती दिली तर पोटावर संरक्षक आवरण ठेवून काढतात. तिला नको असेल तर बाळंतपणापर्यंत थांबावे लागते. गोवर, कांजिण्या अशा जिवंत लसी गरोदरपणात देत नाहीत आणि त्यासाठी फाईल नाकारतही नाहीत.

"मग टुरिस्ट व्हिसावर पाठवू" असे काही जण सुचवतात. तसे करू नये. जानेवारी २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे तिथे जाऊन बाळंत होणे हाच मुख्य हेतू आहे असे अधिकाऱ्याला वाटले, तर तो पर्यटक व्हिसा नाकारतो. जावयाच्या बाबतीतही हा मार्ग अडचणीचाच. आय-१३० चालू असताना पर्यटक व्हिसा मागितला, तर हा माणूस परत येणार नाही असा संशय येतो.

बाळ भारतात जन्मले तर काय? वडील एच-१बीवर असतील तर बाळाचा भारतीय पासपोर्ट काढून त्याचाही एच-४ करावा लागतो. वडील अमेरिकी नागरिक असतील आणि बाळाच्या जन्माआधी ते अमेरिकेत एकूण पाच वर्षे, त्यांतली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, राहिलेले असतील, तर बाळाच्या जन्माची नोंद कॉन्सुलेटमध्ये करता येते आणि बाळ जन्मापासूनच नागरिक ठरते.

लेकीलाच माहेरी आणावे का?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. व्हिसाची वाट पाहण्यापेक्षा पोरीलाच आणले तर काय वाईट? काही घरांना हे सोयीचे पडते, पण आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

लेक ग्रीन कार्डवर असेल आणि थोड्या मुक्कामासाठी आली असेल, तर बाळाला वेगळा व्हिसा लागत नाही. बाळ दोन वर्षांचे होण्याआधी, आईच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात ते सोबत गेले पाहिजे. मुक्काम सहा महिन्यांच्या आत ठेवावा, उगाच प्रश्न निघत नाहीत.

लेक एच-१बीवर असेल तर तिच्या पासपोर्टवरचा व्हिसा अजून चालू आहे का ते आधी पाहावे. संपला असेल तर परतताना तिलाच मुलाखतीला जावे लागेल. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय नुसती कागदपत्रे टाकून व्हिसा नवा करण्याची सोय बहुतेकांसाठी बंद झाली आहे. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांचे समाजमाध्यमांवरचे लिखाणही तपासले जाते, आणि त्या वेळी भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. तान्हे बाळ मांडीवर आणि नोकरी तिकडे, अशी कात्री लागू शकते.

तिसरे, बाळाचे नागरिकत्व. अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक, हा १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा अर्थ आजवर लावला जात आला. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांबाबत तो बदलण्याचा आदेश निघाला. न्यायालयांनी तो रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लेक एच-१बीवर असेल तर त्या वेळची स्थिती वकिलाला विचारूनच ठरवावे.

आपण आजी-आजोबांनी जायचे असेल तर

जावयाचे जमत नाही म्हणून आई निघायचे ठरवते. वर सांगितलेला नियम आईलाही लागू आहे. गरोदर लेकीच्या मदतीला जायचे म्हणून तातडीची तारीख मिळत नाही. म्हणून दिवस गेल्याचे कळले की त्याच आठवड्यात आईने बी-२ व्हिसाची फी भरून तारीख घेऊन ठेवावी. सातव्या महिन्यात धावाधाव करून हाती काही लागत नाही. मुलाखतीत विचारले तर खरे सांगावे: लेकीचे बाळंतपण आहे, इतके महिने राहीन, परत येईन. हे कारण तातडीचे नसले तरी व्हिसासाठी वैध आहे.

ज्यांच्याकडे इस्राएली पासपोर्ट आहे त्यांना मात्र सोपा रस्ता आहे. ऑक्टोबर २०२३ पासून इस्राएली नागरिकांना, बायोमेट्रिक पासपोर्ट असेल तर, ईएसटीए नावाची ऑनलाइन मंजुरी घेऊन नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय अमेरिकेत जाता येते. अश्दोदची मावशी ठाण्याच्या आईच्या आधी बेलव्ह्यूला पोचू शकते, ती अशी. नव्वद दिवस म्हणजे नव्वदच. मुदत वाढवून मिळत नाही.

घरच्या पेटीतले कागद

यात आपण ज्येष्ठच खरे उपयोगी पडतो. केतुबा जपून ठेवलेला असतो, तो असावाच. पण व्हिसासाठी निबंधकाकडे नोंदलेल्या लग्नाचा सरकारी दाखला लागतो. लग्न सिनेगॉगमध्ये झाले आणि नोंदणी "करू पुढे" म्हणून राहिली, असे आपल्याकडे बऱ्याच घरांत होते. लग्नाच्या आठवड्यातच ते काम उरकावे.

दुसरी अडचण नावांची. एका कागदावर मोझेस, दुसऱ्यावर मोशे. शाळेच्या दाखल्यावर सॅम्युअल, घरच्या नोंदीत शमुवेल. पेणकर किंवा रोहेकर या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि जन्मदाखल्यावर दुसरे. हे सारे आधीच जुळवावे किंवा प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. गावच्या दप्तरात जन्माची नोंदच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. कायमच्या व्हिसाला पोलिसांचा दाखलाही लागतो, आणि जावई इस्राएलमध्ये वर्षाहून जास्त राहिलेला असेल तर तिथलाही. तो यायला वेळ लागतो.

आणि खोटे काही करू नये. ओळखीच्या डॉक्टरकडून नसलेला आजार लिहून घेणे, एजंटने बनवलेले पत्र लावणे, याची किंमत भयंकर आहे. तातडीचे कारण खोटे निघाले तर ते फाईलवर नोंदले जाते. व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचे ठरले तर त्या माणसाला अमेरिकेची दारे जन्मभर बंद होऊ शकतात. एका बाळंतपणासाठी पोराचे सारे आयुष्य बापाशिवाय जावे, असा सौदा कोणी करू नये.

नकार आला तर

नकार आला म्हणजे व्हिसा नाकारला असे नाही. फाईल आपल्या जागी रांगेत आहे, एवढेच. त्या वेळी घाबरून लेकीला रोज दहा फोन करू नयेत. तिचा रक्तदाब आपणच वाढवायचा नाही.

वॉशिंग्टन राज्यात नोकरदारांसाठी पगारी कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा आहे. २०२० पासून त्याचा लाभ मिळतो. बाळंतीण आणि बाळाची देखभाल मिळून सोळा आठवड्यांपर्यंत आणि गरोदरपणात गुंतागुंत असेल तर अठरा आठवड्यांपर्यंत रजा मिळू शकते. लेकीने त्याची चौकशी आधी करावी. रुग्णालयात आपल्या वतीने कोणाला विचारायचे ते नाव लिहून द्यावे. शेजारची एखादी मैत्रीण, एखादे मराठी कुटुंब, जवळच्या सिनेगॉगमधले कोणी, अशी दोन माणसे रात्री-अपरात्री येतील असे आधीच ठरवून ठेवावे. विवाहित आईच्या बाळाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव घालायला वडील तिथे हजर असावे लागत नाहीत. बाळाच्या अमेरिकी पासपोर्टसाठी मात्र दोन्ही पालक हजर हवेत किंवा दुसऱ्याची नोटरीसमोर केलेली लेखी संमती हवी. ती कशी द्यायची ते जावयाने इथे आधीच विचारून ठेवावे. पुढे बाळाला भारतात आणायचे तर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागेल. त्या अर्जाचे केंद्र २०२४ पासून बेलव्ह्यूतच आहे.

मुलगा झाला आणि प्रकृती ठीक असली, तर आठव्या दिवसाची मिला वडिलांची वाट पाहत थांबत नाही. वडिलांच्या वतीने ती करून घेता येते. मोहेलशी आधी बोलून ठेवावे आणि जावयाने फोनवर बरोबर राहावे. वेळेच्या फरकामुळे त्याला मध्यरात्री जागावे लागेल, तेवढे तो जागेल.

नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा पाहावे आणि गुंतागुंत असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. आज मात्र एवढे करा: लेकीला विचारा की ती कशावर आहे आणि फाईल कोणत्या ऑफिसात आहे, आणि कपाटातला लग्नाचा दाखला काढून त्यावरचे स्पेलिंग जावयाच्या पासपोर्टशी ताडून पाहा.